हवेची गन की हाताचा पाना? इंजिन-बांधणीच्या एका वादामागचा इतिहास

१/
जुने इंजिन पुन्हा बांधायला घेतले की गॅरेजात एक वाद हमखास उभा राहतो. नट-बोल्ट हवेच्या गनने फिरवावेत की हाताच्या पान्याने? एक पक्ष म्हणतो, गन हे आधुनिक अवजार आणि पाना ही वाडवडिलांची सवय. दुसरा म्हणतो, इंजिन हातानेच बांधायचे असते, हवेला त्यातले काय कळते! एका गोष्टीवर मात्र दोघांचेही एकमत असते : हात जुना, हवा नवी. हा धागा त्या एकमताविरुद्ध आहे.

२/
माझे मत आधीच सांगून टाकते. इंजिन उघडताना हवा वापरावी, बांधताना हात. परंतु याचे कारण परंपरा हे नव्हे. आज ज्या अवजाराने इंजिनाचा शेवटचा बोल्ट आवळला जातो, ते हवेच्या हातोड्याहून वयाने लहान आहे. आणि नियम ठाऊक असूनही बांधताना गन का चालवली जाते, याचे उत्तर अवजारांच्या इतिहासात थोडे आणि मजुरीच्या इतिहासात बरेच सापडते.

३/
प्रथम हवा. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या अवजारांनी मोठे नाव मिळवले ते आल्प्स पर्वतात. फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या फ्रेजस बोगद्याचे काम १८५७ साली हाती घेण्यात आले. आरंभीची वर्षे हातानेच छिद्रे पाडण्यात गेली. १८६१ पासून जर्मां सोमेये या अभियंत्याची हवेवर चालणारी छिद्रयंत्रे तेथे उतरली आणि कामाने वेग घेतला. यंत्रातून सुटलेली हवा बोगद्यातील मजुरांना श्वासालाही उपयोगी पडे, हा त्यातला दुहेरी लाभ. १८७० च्या डिसेंबरात दोन्ही बाजूंचे खोदकाम एकमेकांस मिळाले. (त्याच काळात आपल्या बोरघाटात पहारी, हातोडे आणि सुरुंगाची दारू यांच्या बळावर बोगदे खणले जात होते. तो घाट १८६३ साली खुला झाला. त्याची कथा पुन्हा केव्हातरी.)

४/
आता या कथेतील मला सर्वांत प्रिय असलेला माणूस. चार्ल्स ब्रेडी किंग याने हवेचा हातोडा तयार केला, १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात तो मांडला आणि १८९४ साली त्याचे पेटंट मिळवले. याच किंगने ६ मार्च १८९६ रोजी डेट्रॉइटच्या रस्त्यावर त्या शहरातील पहिली मोटारगाडी चालवली. गाडीचे इंजिन चार सिलिंडरांचे होते. हेन्री फोर्डची पहिली गाडी बाहेर पडायला त्यानंतर आणखी तीन महिने जावे लागले.

५/
म्हणजे मोटारींच्या राजधानीत पहिली मोटार आणणारा माणूस हाच हवेच्या हातोड्याचा निर्माता होता. 'मोटार आली, तिच्याबरोबर हाताची कारागिरी आली आणि पुढे हवेने ती गिळली' हा क्रम त्यामुळे उभा राहू शकत नाही. डेट्रॉइटमध्ये हवा मोटारीच्या आधी हजर होती.

६/
मग हात कोठे होता? हात होता फिटरपाशी. आज 'फिटर' म्हटले की आयटीआयचा एक ट्रेड डोळ्यांपुढे येतो. परंतु मूळ अर्थ पाहावा : न बसणारा भाग बसता करणारा तो फिटर. त्याची खरी अवजारे पाना नव्हेत, तर कानस आणि स्क्रेपर. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगो येथे निर्दोष सपाट पृष्ठभाग कसा तयार करावा यावर निबंध वाचला. त्या पद्धतीत एका पृष्ठावर रंग लावून दुसरे त्यावर टेकवायचे, जेथे रंग लागेल तो उंचवटा हाताने खरवडायचा, आणि पुन्हा टेकवायचे. यंत्रयुगाची अचूकता, विचित्र वाटेल, पण अशी हाताने खरवडून मिळवलेली होती. आरंभीच्या मोटारीही याच रीतीने जुळवल्या जात. प्रत्येक भाग त्याच्या शेजाऱ्याला बसेपर्यंत कानसला जाई. परिणाम असा की एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीस बसेलच याचा भरवसा नसे.

७/
१९०८ साली इंग्लंडात या पद्धतीची जाहीर परीक्षा झाली. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली ब्रुकलँड्स येथे तीन कॅडिलॅक गाड्या पूर्णपणे खोलण्यात आल्या. प्रत्येकीचे ७२१ भाग. सर्व भाग एकत्र मिसळले गेले, त्यांतील ८९ काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातील नवे भाग घातले गेले. त्यानंतर त्या ढिगातून तीन गाड्या पुन्हा उभ्या करायच्या होत्या. अट एकच : अवजारे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर एवढीच, कानस नाही. गाड्या उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीने ५०० मैलांची चाचणी पार केली. कॅडिलॅकला यासाठी मानाची ड्यूअर ट्रॉफी मिळाली.

८/
या प्रसंगाकडे बहुधा 'हाताचा पराभव' म्हणून पाहिले जाते. मला तो एका हाताचा पराभव आणि दुसऱ्या हाताचा जन्म वाटतो. कानस धरणारा हात बाहेर गेला, पाना धरणारा हात आत आला. आज आपण ज्याला 'हाताने इंजिन बांधणे' म्हणतो ते काम, म्हणजे तयार भाग घेऊन त्यांना केवळ पान्याने एकत्र आणणे, कारखान्यातील यंत्रे पुरेशी अचूक झाल्यावरच शक्य झाले. पाना हा यंत्राचा पूर्वज नसून त्याचे अपत्य आहे, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

९/
परंतु येथे एक गोम आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म तीत आहे. नवे इंजिन आणि पुन्हा बांधले जाणारे इंजिन या दोन निराळ्या वस्तू होत. कारखान्यातून निघताना सर्व इंजिने सारखी असतात. लाखभर किलोमीटर धावल्यावर त्यांतील कोणतीही दोन सारखी उरत नाहीत. सिलिंडर वरच्या भागात अधिक झिजतो, खाली कमी. तोही गोल झिजत नाही, लंबगोल झिजतो. क्रँकचे एक जर्नल शाबूत असते, शेजारच्यावर ओरखडे. कोणी तेल वेळेवर बदललेले असते, कोणी नसते. झीज प्रत्येक इंजिनास स्वतःचे चरित्र देते. कॅडिलॅकने १९०८ साली हद्दपार केलेला फिटर त्यामुळे मागच्या दाराने गॅरेजात परत येतो.

१०/
फोर्ड मॉडेल टी हे याचे चांगले उदाहरण. १९०८ ते १९२७ या काळात तिच्या दीड कोटी गाड्या निघाल्या. एकसारखेपणाचे हे जागतिक प्रतीकच. तिची बेअरिंगे बॅबिट नावाच्या मऊ मिश्रधातूची असत. ती झिजली की नवा धातू ओतायचा आणि क्रँक नीट बसेपर्यंत तो घासायचा-खरवडायचा, तोही बहुतेकदा रंग लावून, व्हिटवर्थच्याच रीतीने. जगातील सर्वाधिक यांत्रिक गाडीच्या दुरुस्तीत १८४० चे तंत्र टिकून होते. वॉल्व्ह बसवण्याचे कामही तसेच. टोकाला रबरी कप असलेली काठी दोन्ही तळव्यांत धरून, ताकात रवी फिरवावी तशी ती फिरवायची, आणि वॉल्व्ह व त्याची बैठक यांच्यामध्ये लावलेल्या पेस्टने दोघांवर एकसारखी करडी कडी उमटेपर्यंत थांबायचे नाही. ही काठी आजही विकत मिळते.

११/
फोर्डने दुरुस्तीलाही कारखान्याची शिस्त लावू पाहिली. कोणत्या कामास किती वेळ लागावा हे घड्याळाने मोजून ठरवायचे, त्यानुसार ठरावीक दर आकारायचे, दुरुस्तीतील कामाचे लहान लहान तुकडे करायचे. इतिहासकार स्टीफन मॅकिंटायर यांनी या प्रयत्नांचा अभ्यास करून त्यांना 'फोर्डवादाचे अपयश' असे म्हटले आहे. जुळणीच्या रांगेत पुढे येणारा भाग कसा असेल हे आधीच ठाऊक असते. दुरुस्तीत बोनेट उघडेपर्यंत काहीच ठाऊक नसते. अपयश आले ते कार्यपद्धतीला. ठरावीक वेळेचा दर मात्र टिकला. या दराकडे आपल्याला परत यायचे आहे.

१२/
आता १९१८. त्या वर्षातील दोन घटना मी मुद्दाम शेजारी ठेवते. एक अशी : न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनराड बार यांना टॉर्क पान्याच्या कल्पनेचे श्रेय सहसा दिले जाते, आणि ती कल्पना १९१८ ची मानली जाते. जमिनीखालच्या नळांचे बोल्ट कामगार कधी कमी, कधी प्रमाणाबाहेर आवळत. किती जोर लावला हे पान्यानेच दाखवावे, हा तिचा गाभा. म्हणजे अनुभवी हातही चुकतो, ही कबुली या अवजाराच्या मुळाशी आहे. जे 'हातच खरा' म्हणतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

१३/
दुसरी घटना इंडियाना राज्यातील बेडफर्डची. तेथील चुनखडीच्या खाणकामात पाथरवट हवेचा हातोडा वापरत. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी त्यांचे हात तपासले आणि अमेरिकी सरकारच्या श्रम-सांख्यिकी विभागाने तो अहवाल १९१८ साली प्रसिद्ध केला. थंडीच्या सकाळी या कामगारांची बोटे पांढरीफटक पडत, बधिर होत. छिन्नी धरणाऱ्या डाव्या हातास त्रास अधिक. इटलीत जोव्हान्नी लोरिगा यांनी १९११ मध्येच असे वर्णन केले होते. रोगाचे कारण होते कंपन. ते आजच्या गनमध्येही असते. युरोपीय संघाने २००२ साली हातापर्यंत पोहोचणाऱ्या कंपनास दैनंदिन मर्यादा घालून दिली, ती याच अनुभवाची दूरची परिणती होय.

१४/
टॉर्क पाना गॅरेजांपर्यंत पोहोचला तो १९३० च्या दशकात. नटावर ठोके देत तो फिरवणारी हवेची इम्पॅक्ट गनही त्याच दशकातली. दोघे समवयस्क! ज्यांना आपण आजोबा आणि नातू समजत होतो ती एकाच वर्गातील दोन मुले निघाली. एकाने वेग शिकवला, दुसऱ्याने मोजमाप. 'परंपरा विरुद्ध आधुनिकता' ही मांडणी मोडीत काढायला माझ्या मते एवढी तारीख पुरेशी आहे.

१५/
मोजमाप इतके महत्त्वाचे का? बोल्ट आवळणे म्हणजे वस्तुतः बोल्ट ताणणे. बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. ती किंचित ताणली गेली की मागे ओढू पाहते, आणि त्या ओढीने हेड, गॅसकेट आणि ब्लॉक एकमेकांस घट्ट राहतात. अडचण अशी की पान्यावर लावलेल्या जोराचा सुमारे नऊ-दशांश भाग आट्यांतील आणि बोल्टच्या टोपीखालील घर्षणातच खर्च होतो. ताणायला उरतो तो एक-दशांश. आट्यांत तेल असेल तर हिशेब बदलतो, गंज असेल तर बदलतो, आटे आधीच दुखावलेले असतील तर पुरताच बदलतो. म्हणून आटे साफ करावेत, तेल लावावे की नाही ते पुस्तकात पाहावे, हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. हा सोपस्कार नाही. हेड सपाट बसण्याची तीच एक वाट आहे.

१६/
गन या ठिकाणी मुकी असते. ती ठोके देते. नट बसला तरी ठोके चालूच राहतात, आणि प्रत्येक ठोक्यातील किती जोर ताणात गेला व किती घर्षणात, हे तिला कळत नाही नि चालवणाऱ्यालाही कळू शकत नाही. हाताच्या पान्यात वाट दुहेरी असते. जोर जातो आणि बातमी येते. नट चिकट फिरतो आहे, अर्ध्यावर अडतो आहे, आवळता आवळता अचानक नरम पडला म्हणजे आटे जात आहेत, हे सारे मनगटास समजते. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये नरम पडल्याची ती बातमी उशिरा कळणे म्हणजे नवे आटे पाडण्याचा खर्च.

१७/
येथे प्रामाणिकपणे एक प्रतिवाद नोंदवायला हवा. मोटारींच्या कारखान्यांत इंजिनाचे बोल्ट यंत्रेच आवळतात. मग हात श्रेष्ठ कसा? उत्तर असे की ती यंत्रे जोर आणि फिरण्याचा कोन दोन्ही सतत मोजत असतात. गॅरेजातील साधी गन यांतले काहीच मोजत नाही. यावरून निष्पन्न होते ते एवढेच : प्रश्न हात की हवा हा नव्हता, मोजणारे अवजार की न मोजणारे, हा होता. गॅरेजला परवडेल असे मोजणारे अवजार आजघडीला हाताने चालते, म्हणून हात. उद्या परिस्थिती बदलली तर माझे मतही बदलेल, आणि मला त्याचे दुःख होणार नाही.

१८/
उघडताना मात्र हवेची बाजू मी निःसंकोच घेते. क्रँकच्या पुलीचा बोल्ट हे ठळक उदाहरण. लांब दांडा लावून जोर करावा तर बोल्टबरोबर क्रँकच फिरू लागतो. तो अडकवून ठेवायला दुसरा माणूस लागतो. गनचे झटके इतके आखूड असतात की जड क्रँक हलण्यापूर्वी बोल्ट सुटतो. इंजिन गाडीतून उतरवताना लागणारे असंख्य मोठे नट, तेलाच्या वाटा साफ करणे, धुतलेले भाग वाळवणे, येथे हवेने जे श्रम वाचवले त्यांना कमी लेखणे म्हणजे दुसऱ्याच्या खांद्याच्या जिवावर रोमँटिक होणे. अपवाद दोन. सायलेन्सरच्या बाजूचे गंजलेले स्टड गनने तुटतात, त्यांना उष्णता आणि सबुरी लागते. आणि मेन व कनेक्टिंग रॉडच्या कॅप हाताने, क्रमांक पाहत उघडाव्यात, कारण ते इंजिनाचे चरित्र वाचण्याचे क्षण आहेत. कोणता बोल्ट आधीच सैल होता ही माहिती गन पुसून टाकते.

१९/
गॅसकेटचे जुने अवशेष काढायला हवेच्या ग्राइंडरला खरखरीत चकती लावण्याची प्रथा आहे. काम मिनिटात होते. परंतु चकतीतून उडणारी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची कणी तेलाच्या वाटेत शिरली तर नवी बेअरिंगे खाते. जनरल मोटर्सने याविरुद्ध आपल्या दुरुस्ती-सूचनेत स्पष्ट इशारा दिलेला आहे. हाताच्या पातीने खरवडायला वेळ लागतो, हे खरे.

२०/
वेळ! येथे आपण त्या ठरावीक दराकडे परत येतो. चार सिलिंडरांच्या अनेक इंजिनांत हेडचे दहा बोल्ट असतात. तीन फेऱ्या म्हणजे पाना तीस वेळा लावायचा. त्याआधी आटे साफ करणे वेगळे. ज्या मेकॅनिकला कामाच्या तासांवर पगार नसून प्रत्येक कामाचा ठरावीक आकडा मिळतो, त्याच्या खिशातून ही मिनिटे जातात. इंजिन वर्षभराने तेल पिऊ लागले तर ते मालकाच्या खिशातून जाते. तेव्हा एखाद्या तरुण मेकॅनिकने बांधताना गन चालवली की 'आजच्या पोरांना सबुरी नाही' असे म्हणणाऱ्यांना मला विचारावेसे वाटते, सबुरीचे पैसे बिलात कोणत्या ओळीत धरलेले असतात?

२१/
आपल्याकडचा इतिहास या चित्रात बसतो, पण उलट्या अंगाने. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली स्थापन झाली आणि कुर्ल्याचा कारखाना पुढे फियाट व पद्मिनीमुळे घराघरांत माहीत झाला. नवी गाडी दुर्मीळ, सुटे भाग महाग, म्हणून एकच इंजिन पुन्हा पुन्हा बांधले जाई. रीबोअर करा, नवे लायनर ठोका, मोठ्या मापाचे पिस्टन घाला. हे सारे गोटी पाना, टी-पाना आणि उस्तादाचा कान यांवर चाले. लहान गॅरेजात कॉम्प्रेसर म्हणजे आजही पुष्कळदा टायरात हवा भरणारे यंत्र.

२२/
हे हाताचे वैभव होते, असे लिहायचा मोह होतो. मी तो आवरते. आपल्याकडे हात टिकला त्यात कौशल्याचा अभिमान होता, तसाच स्वस्त मजुरीचा हिशेबही होता. रॉकेलच्या परातीत भाग धुणारा, पाने उचलून देणारा पोऱ्या जेथे जवळजवळ फुकट मिळतो, तेथे मालक कॉम्प्रेसर कशाला घेईल? अमेरिकेत मिनिटे महाग झाली म्हणून गन आली, आपल्याकडे मिनिटांना किंमत नव्हती म्हणून पाना राहिला. आणि मोजणारा टॉर्क पाना दोन्हीकडे मागेच पडला. आपल्याकडे त्याची जागा 'हाताच्या अंदाजा'ने घेतली. तो अंदाज अनेक उस्तादांचा खरोखर थक्क करणारा असतो, पण तो शिकाऊ मुलाला हस्तांतरित करायला दहा वर्षे लागतात, आणि त्या दहा वर्षांचे बोल्ट कोणाच्या तरी इंजिनात असतात.

२३/
इतिहासाच्या अभ्यासक्रमात वाफेचे इंजिन येते, फोर्डची रांग येते. दुरुस्ती येत नाही. डेव्हिड एजर्टन यांनी २००६ सालच्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात शोधांऐवजी वापराचा इतिहास लिहावा असा आग्रह धरला आणि देखभाल-दुरुस्तीला त्यात मानाचे स्थान दिले. मराठीत त्या दिशेने लिहायला साधने आहेत, पण ती ग्रंथालयांत नाहीत. ती गॅरेजांच्या फडताळांत आहेत : कोणत्या इंजिनाला किती मापाचे पिस्टन घातले याच्या वह्या, रीबोअरची बिले, तेलाचे डाग पडलेली दुरुस्ती-पुस्तके, घरी घडवून घेतलेली पुली-ओढणी.

२४/
मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून उतरली. ते १०८९ सीसीचे इंजिन डोळे मिटून बांधू शकणारी माणसे आज साठीच्या पुढे असतील. तुमच्या घरात, आळीत, नात्यात असे कोणी असतील आणि त्यांच्या वह्या शिल्लक असतील, तर रद्दीत देण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि शक्य झाल्यास मला कळवावे. विचारताना एक प्रश्न अवश्य विचारावा : पहिला टॉर्क पाना गॅरेजात कोणत्या साली आला, आणि त्याचे पैसे कोणी दिले?